मळीतली वीज

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. साखर निघते, मागे उरते काळी, चिकट मळी. ती आंबवून इथेनॉल काढतात आणि पेट्रोलात मिसळून जाळतात. पण हेच इथेनॉल न जाळताही वीज देतं.

प्रयोगशाळेतलं इथेनॉलच्या द्रावणाचं हे काचेचं भांडं बघा. यातल्या एका इलेक्ट्रोडच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या कांडीच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका आहे. काजळीसारख्या कार्बनवर प्लॅटिनमचे नॅनोकण बसवायचे, त्याची शाई करायची, एक थेंब टोकावर सोडायचा आणि सावकाश वाळू द्यायचा. घाई केली तर सगळी शाई कडेला गोळा होते.

इतकं बारीक कशाला? कारण इथेनॉल मोडायचं काम करतात ते प्लॅटिनमचे फक्त वरचे अणू. ३ नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कणात सुमारे १००० अणू, त्यातला तिसरा हिस्सा तरी पृष्ठभागावर असतो. गुजरीतला, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातला कारागीर सोन्याची धूळही वाया जाऊ देत नाही, तीच काटकसर इथं.

आता व्होल्टेज हळूहळू वाढवू. पडद्यावरची विजेच्या प्रवाहाची रेषा चढते, शिखर गाठते आणि खाली येते, कारण प्लॅटिनमवर ऑक्साइडचा थर बसतो. व्होल्टेज उतरवायला लागलं की तो थर निघतो आणि रेषा पुन्हा उसळते! ही दुसरी उसळी कितीदा पाहिली तरी मन भरत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. इथेनॉलचा रेणू पुरता मोडला तर १२ इलेक्ट्रॉन मिळतात. पण त्यातली दोन कार्बनची जोडी सहजासहजी फुटत नाही. बरेच रेणू अर्ध्या वाटेतच थांबतात, ॲसिटिक ॲसिड होऊन. म्हणजे व्हिनेगर! हाती लागतात ४ इलेक्ट्रॉन. जोडी फुटलीच, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि गोचिडासारखा प्लॅटिनमला चिकटतो. नव्या रेणूला जागाच उरत नाही.

म्हणून प्लॅटिनमला जोडीदार देतात. रुथेनियम कमी व्होल्टेजलाच पाण्यातला ऑक्सिजन पकडून आणतं, आणि चिकटलेला मोनॉक्साइड कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. द्रावण अल्कधर्मी केलं तर पॅलेडियमही छान चालतं, पण गाडी बहुतेक वेळा ॲसिटेटवरच, म्हणजे त्याच ॲसिटिक ॲसिडच्या अल्कधर्मी द्रावणातल्या रूपावर अडते.

ती कार्बनची जोडी साध्या खोलीच्या तापमानाला फोडून दाखवली २००९ साली, अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या गटानं. प्लॅटिनम, टिन ऑक्साइड आणि रोडियम, असे तिघं मिळून. त्यातलं रोडियम तर प्लॅटिनमहूनही दुर्मीळ.