मुंबई ते मोपा: सव्वा तासाचा हिशेब

चवथीच्या आदल्या दिवशीची ही पहाट आहे. मुंबईच्या विमानतळावर काचेपलीकडे विमानांची रांग लागली आहे आणि अलीकडे गोव्याला घरी निघालेली माणसे बसली आहेत. दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या एका गृहस्थांनी दादरला घेतलेले मखराचे खोके मांडीवरून खाली ठेवलेले नाही. त्यांच्या तिकिटावर प्रवासाचा वेळ सव्वा तास असा छापलेला आहे.

गोव्यात दोन विमानतळ आहेत, मोपा आणि दाबोळी. मुंबईपासून मोपाचे हवाई अंतर सुमारे 385 किलोमीटर, तर दाबोळीचे सुमारे 425 किलोमीटर आहे. ताशी 800 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला मोपा गाठायला अर्धा तास पुरायला हवा. उरलेला वेळ कुठे जातो, ते इथे नीट पाहता येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि दार लावून जागेवरून हललेले विमानही आपली पाळी येईपर्यंत ताटकळते. वेळापत्रक मात्र चाक हलल्या क्षणापासून दुसऱ्या विमानतळावर विमान उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ धरते.

उड्डाणानंतर विमान समुद्रावरून दक्षिणेला वळते, उंची गाठते आणि ती गाठते न गाठते तोच उतरणीला लागते, कारण 30 हजार फुटांवरून बेताने खाली यायचे तर सुमारे 165 किलोमीटर आधीपासूनच सुरुवात करावी लागते. हाती आलेला पाण्याचा ग्लास रिकामा होण्याआधी पट्टे बांधण्याची सूचना होते. डाव्या खिडकीतून ढगांच्या फटींत कोकणच्या खाड्या एकामागून एक सरकतात, तेरेखोल नदीचे मुख दिसते, आणि मग पावसाने हिरवागार झालेला मोपा ज्या तालुक्यात आहे त्या पेडण्याचा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे पठार, वर येतो.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी 1950च्या दशकात बांधला. 1961च्या मुक्तीनंतर तो नौदलाकडे आला, आणि नागरी विमानांच्या वेळा आजही तिथे नौदलाच्या सरावाकडे पाहूनच ठरतात. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून तिथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्यासाठी पेडण्यातल्या शेतकऱ्यांची जमीन गेली आणि सड्यावरच्या काही धनगर कुटुंबांना घरे सोडावी लागली.

मुंबईहून मोपा जवळ आहे, काणकोणहून मात्र ते दूर आहे. विमानतळापासून काणकोणच्या चावडी या गावापर्यंत रस्त्याने सुमारे 100 किलोमीटर पडतात, म्हणजे गोव्याचे उत्तर टोक ते दक्षिण टोक. बाहेर कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची बस उभी आहे. विमानांच्या वेळा सांभाळणारी थेट बस काणकोण, केपे आणि सांगे या तालुक्यांनाही मिळायला हवी, कारण दक्षिणेतल्या माणसाचा खरा प्रवास विमानाच्या शिडीवरून उतरल्यावर सुरू होतो.

जुवारीच्या नव्या पुलावर पावसाची सर येते आणि खिडकीच्या काचा भराभर ओढल्या जातात. मखराचे खोके अजून मांडीवरच आहे. मडगावला गाडी बदलून चावडीला उतरेपर्यंत दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेलेली असते.