दाबाखालचा ऑक्सिजन

१९६०, ॲमस्टरडॅम. शल्यचिकित्सक इटे बूरेमा यांनी डुकराची पिलं एका पोलादी कक्षात ठेवली. आत दाब नेहमीच्या तिप्पट, श्वासाला निव्वळ ऑक्सिजन. मग पिलांचं रक्त काढून तिथे रक्तद्रवासारखा द्राव भरला. लाल पेशी जवळपास संपल्या, तरी हृदय चालूच राहिलं. रक्त परत चढवल्यावर पिलं सावरली!

हे जमलं कसं? एरवी ऑक्सिजनची जवळपास सगळी ने-आण हिमोग्लोबिन करतं. रक्तद्रवात विरघळलेला वाटा अगदी किरकोळ, १०० मिलिलिटर रक्तामागे ०.३ मिलिलिटर. पण दाब वाढला की वायू द्रवात जास्त विरघळतो, सोड्याच्या बाटलीत विरघळतो तसा. तिप्पट दाबाखाली हा आकडा सहाच्या घरात जातो. निवांत पडलेल्या शरीराचं तेवढ्यावर भागतं.

बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली, तर हाच दाब कामी येतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला पाचेक तास लागतात; दाबाखालच्या ऑक्सिजनने अर्धा तासही लागत नाही.

आता दुसरी बाजू. पेशीतल्या मायटोकाँड्रियात ऑक्सिजन वापरला जात असताना त्यातल्या थोड्याचा सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक आक्रमक रूप, होऊन निसटतो. तो निकामी करणारी विकरं (एन्झाइम) पेशीजवळ असतात, पण ती रोजच्या आवकीपुरती. ऑक्सिजनचा लोंढा आला की ती कमी पडतात आणि पेशीची पटलं, प्रथिनं, डीएनए यांना इजा होते. किरणोत्साराने होणारी हानी आणि ही हानी मुळात एकाच जातीची, असं शास्त्रज्ञ रेबेका गर्शमन आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये मांडलं. तेव्हा ते अनेकांना पटलं नव्हतं.

मेंदू सगळ्यात आधी तक्रार करतो. ओठ फडफडतात, दृष्टी आकुंचते, मग थेट आकडी. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच हे झटके नोंदवले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या पाण्यात बुडी मारणाऱ्या जवानांनी ते स्वतःच्या अंगावर झेलले. फुप्फुसांना मात्र वेळ लागतो. तिथे आधी खोकला आणि छातीत जळजळ.

म्हणून ‘तारुण्य परत आणणाऱ्या’ अशा ऑक्सिजन-कक्षांच्या जाहिराती बघताना मला धास्ती वाटते. रुग्णालयातसुद्धा हा उपचार सुरू असताना कर्मचारी ठरावीक अंतराने रुग्णाचा मास्क उतरवतात. पाच मिनिटं साधी हवा, मग पुन्हा ऑक्सिजन. तेवढ्या वेळात पेशींना दम घेता येतो आणि आकडीचा धोका कमी होतो.