पाचशे तास पास, पण कुठल्या हवेत?

नमस्कार मंडळी. चाकण-भोसरीकडचे बरेच जण आलेले दिसताहेत, म्हणून आधी तुमच्याच जिव्हाळ्याच्या विषयाला हात घालतो. कस्टमर ड्रॉइंगवर लिहून पाठवतो, सॉल्ट स्प्रे ५०० तास, नो रेड रस्ट, म्हणजे मिठाच्या धुक्याच्या चेंबरमध्ये ५०० तास ठेवूनही पार्टवर लाल गंज दिसता कामा नये. तुम्ही पार्ट चेंबरमध्ये टाकता, ५०० तास काढता, रिपोर्टवर शिक्का बसतो, माल जातो. आणि मग कुणीतरी विचारतं, साहेब ५०० तास म्हणजे बाहेर किती वर्षं? याचं खरं उत्तर असं आहे की असा हिशोब नाहीच.

ही टेस्ट म्हणजे एएसटीएम बी ११७ हे अमेरिकन स्टँडर्ड, १९३९ सालचं. ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ डिग्री, आणि धुकं चोवीस तास चालू. आता मला सांगा, मुंबईत काय किंवा रत्नागिरीत काय, अशी हवा कधी असते? पत्रा ओला होतो, वाळतो, परत दव पडतं, परत ऊन. जस्ताचं तर काय होतं, की ते वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन स्वतःवर कार्बोनेटचा एक चिवट थर धरतं आणि त्या थराच्या जिवावर वर्षानुवर्षं टिकतं. चेंबरमध्ये वाळायला फुरसतच मिळत नाही, थर नीट धरत नाही, आणि चांगलं गॅल्वनायझिंग, म्हणजे लोखंडावरचा जस्ताचा मुलामा, उगाच बदनाम होतं. टेस्ट वाईट नाही हं, आपल्याच लाइनवर आजचा लॉट कालच्यासारखा आहे का हे बघायला ती उत्तम आहे, फक्त तिला आयुष्य विचारू नका.

बरं, दोन लॅबच्या चेंबरमधलं धुकं तरी सारखं असतं का? त्यासाठी आयएसओ ९२२७ मध्ये एक सोय आहे. साध्या कोल्ड रोल्ड स्टीलची रेफरन्स पॅनल आत ठेवायची, ४८ तासांनी काढून गंज साफ करून वजन करायचं, घट चौरस मीटरला ७० ग्रॅम, अधिक-उणे २० च्या आत आली तर चेंबर ठीक. म्हणजे ५० वाला पण पास आणि ९० वाला पण पास! जवळपास दुप्पट फरक, आणि हा सगळ्यांनी मिळून मान्य केलेला फरक आहे. मला यात लाज वाटण्यासारखं काही वाटत नाही, उलट हा आकडा छापला म्हणून आपल्याला कळतं तरी की दोन रिपोर्ट कितपत शेजारी ठेवायचे.

आता चेंबर सोडून बाहेरच्या हवेकडे येऊ, कारण देशादेशांनी मिळून केलेलं मोठं काम तिथलंच आहे. १९८६ मध्ये आयएसओच्या गंजविषयक समितीने, टीसी १५६ म्हणतात तिला, कोरॅग नावाचा कार्यक्रम सुरू केला. धातूच्या पट्ट्या उघड्या हवेत टांगायच्या आणि गंजाने वजन किती घटतं ते मोजायचं. स्टील, जस्त, तांबं, ॲल्युमिनियम, चारच धातू. पन्नासच्या आसपास ठिकाणं. अमेरिकेचं क्युरे बीच, पनामाचा किनारा, इकडे स्वीडन, स्पेन, जपान, अर्जेंटिना, आणि चेकोस्लोव्हाकिया नि सोव्हिएत युनियनसुद्धा. शीतयुद्ध चालू असताना दोन्ही बाजूंचे लोक एकाच मापाच्या पट्ट्या एकाच पद्धतीने टांगत होते. गंमत बघा, काही पट्ट्या आठ वर्षांसाठी होत्या, त्या उतरवायची वेळ आली तोवर यातले दोन देश नकाशावरून गेले होते.

पट्टी म्हणजे किती, १०० बाय १५० मिलिमीटर, जाडी साधारण एक मिलिमीटर. स्टीलची असेल तर वजन ११८ ग्रॅमच्या आसपास भरतं. रॅकवर तिरकी लावायची, उत्तर गोलार्धात असाल तर तोंड दक्षिणेला. वर्षाने उतरवायची. इथपर्यंत कुणालाही जमेल, खरी भानगड साफ करताना असते. गंज काढायला क्लार्क सोल्युशन वापरतात, तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये अँटिमनी ट्रायऑक्साइड आणि स्टॅनस क्लोराइड. ॲसिड गंज खातं पण खालचं चांगलं लोखंडही थोडं खातंच, मग घटलेल्या वजनातलं हवेने किती खाल्लं आणि तुम्ही किती? म्हणून बुडवा, धुवा, वाळवा, वजन करा, परत बुडवा, परत वजन. आधी वजन झपाझप उतरतं, मग एका संथ सरळ रेषेवर येतं, ती रेषा म्हणजे ॲसिड आता नुसतं लोखंड खातंय. ती मागे शून्यापर्यंत ओढायची आणि तिथला आकडा खरा धरायचा. कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच ते लिहून ठरवावं लागलं, आयएसओ ८४०७ मध्ये. एका देशात एकदाच बुडवलं आणि दुसरीकडे पाच वेळा, तर सगळ्या जगाचा डेटा गोळा करून उपयोग काय.

कोरॅगमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एक वर्षाच्या पट्ट्या त्यांनी एकदाच टांगल्या नाहीत, दर सहा महिन्यांनी नवीन वर्ष सुरू केलं, असं सहा वेळा. कारण पहिले काही आठवडे कसे जातात यावर पुढचं बरंच ठरतं, पहिला गंजाचा थर कुठल्या ऋतूत बसला याने आकडा हलतो.

अशा डेटावरून आयएसओ ९२२३ चे, म्हणजे कुठली हवा किती गंजवते याचे, वर्ग पक्के झाले, जे पेंटवाले रोज बोलतात, सी-३, सी-४, सी-५. सी-३ म्हणजे साधं स्टील पहिल्या वर्षी २५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जातं, सी-५ म्हणजे ८० ते २००. आधी तक्ता तिथेच संपायचा. पण उष्ण, दमट, खाऱ्या किनाऱ्यांवरचे आकडे त्यात मावेनात, आणि २०१२ च्या आवृत्तीत सीएक्स हा वरचा वर्ग आला, २०० पासून ७०० मायक्रॉनपर्यंत. म्हणजे आपली एक मिलिमीटरची पट्टी, दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते हे धरा, ७०० ने वर्ष संपायच्या आत गायबच होईल. लॅटिन अमेरिका, स्पेन, पोर्तुगाल यांचा मिकॅट हा प्रकल्प १९८८ चा, त्याचा आणि युरोपातल्या प्रदूषणाच्या कार्यक्रमाचा डेटाही वर्ग काढायच्या नवीन सूत्रांत धरला गेला.

त्या सूत्राने तापमान, दमटपणा, सल्फर डायऑक्साइड आणि क्षार यांवरून तुमच्या गावचा वर्ग गणिताने काढता येतो. पण स्टँडर्डच सांगतं की उत्तर ३३ टक्क्यांनी कमी किंवा ५० टक्क्यांनी जास्त असू शकतं. आणि आपण या कोरॅगमध्ये नव्हतो. तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या सेक्रीने, म्हणजे केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने, भारताचा गंजनकाशा केलाय, मंडपमच्या किनाऱ्यावर त्यांनी पुष्कळ पट्ट्या टांगल्यात, आपल्याकडे काहीच नाही असं अजिबात नाही. तरी कोकणात चार महिने धो धो पाऊस मीठ धुऊन नेतो आणि पुढचे आठ महिने ते साचत राहतं, हे वर्षाच्या सरासरीत घातलं की दिसेनासंच होतं, त्यामुळे त्या सूत्रावर कोकणातल्या टाकीचं पेंट ठरवायला मी तरी धजणार नाही.

मग करायचं काय, तर तीन पट्ट्या जूनमध्ये टांगा, तीन ऑक्टोबरमध्ये. खर्च फार नाही, फक्त कुणीतरी वर्षभर त्या ढापू नयेत एवढं बघा, भंगारवाले हे आमच्या क्षेत्रातलं सर्वात जुनं संकट आहे. क्षार मोजायला नळीभोवती ओली कापडी वात गुंडाळून ठेवतात, ती महिन्याने काढून तिच्यातलं क्लोराइड मोजायचं, हेही आयएसओ ९२२५ मध्ये लिहिलेलं आहे, तशीच करा म्हणजे तुमचा आकडा क्युरे बीचच्या आकड्याशेजारी ठेवता येईल.

हां, मागून प्रश्न आलाय, पट्ट्या शेडखाली टांगल्या तर चालेल का, पावसापासून वाचतील. टांगा की, पण वेगळा संच म्हणून टांगा आणि तसं लिहून ठेवा. समुद्राजवळ शेडखाली मीठ येऊन बसतं पण पाऊस ते धुवत नाही, त्यामुळे उघड्यावरच्या पट्टीपेक्षा शेडखालची जास्त खाल्ली जाऊ शकते, आणि ९२२३ चा तक्ता उघड्यावरच्या पट्टीसाठी आहे. तुमचं मशीन जर शेडखाली उभं असेल तर तुम्हाला दोन्ही संच लागतील.