धुळीआडचं कृष्णविवर

पडद्यावर दिसतेय ती एनजीसी ४९४५. नरतुरंग तारकासमूहातली ही दीर्घिका आपल्यापासून साधारण सव्वा कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. आपल्याला ती कडेनं दिसते, लांबट आणि मळकट. मधोमध धुळीचा जाड पट्टा, आणि त्या धुळीमागे नव्या ताऱ्यांच्या जन्माची झुंबड उडालेली. अशा दीर्घिकांना स्टारबर्स्ट दीर्घिका म्हणतात.

दृश्य प्रकाशात पाहिलं तर इथं सगळा ताऱ्यांचाच कारभार वाटतो. केंद्रात एखादं कृष्णविवर वायू गिळत बसलंय, याची काही खूण सापडत नाही.

पण ते आहे. सूर्याच्या सुमारे १४ लाख पट वस्तुमानाचं, आणि चांगलंच भुकेलं.

त्याचा माग लागला क्ष-किरणांमुळे. कमी ऊर्जेचे क्ष-किरण केंद्राभोवतीच्या दाट वायूतच जिरून जातात. ऊर्जा १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली, म्हणजे दातांच्या एक्स-रेला लागते तेवढी झाली, की त्यांतले काही आरपार निसटतात. जपानच्या गिंगा उपग्रहानं ते टिपले. पुढे २०१२ साली अवकाशात गेलेल्या नुस्टार दुर्बिणीनं ते जास्त बारकाईनं पाहिले. ही चमक एका दिवसाच्या आतसुद्धा कमी-जास्त होते. मला हा पुरावा फार बोलका वाटतो. शेकडो प्रकाशवर्षांत विखुरलेले तारे असे एका दमात मंद आणि प्रखर होऊच शकत नाहीत. उगम एकच हवा, आणि तोही अगदी छोटा.

दुसरा साक्षीदार म्हणजे निऑन. निऑनच्या अणूत १० इलेक्ट्रॉन असतात. त्यातला चौथा उपटायला ९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि एवढा जोर साध्या ताऱ्यांच्या प्रकाशात जवळपास नसतोच. अशा चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची एक रेषा अवरक्त वर्णपटात १४.३ मायक्रॉनवर उमटते. ती दिसली, की संशय थेट कृष्णविवरावर जातो. मात्र ती दिसली नाही म्हणून कृष्णविवर नाही, असं म्हणता येत नाही. याच एनजीसी ४९४५ मध्ये युरोपच्या आयएसओ दुर्बिणीला ती रेषा सापडली नव्हती. नंतर स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीला सापडली, तीही फिकट.

उलटीही फसगत होते. सप्तर्षीतल्या एम८२ दीर्घिकेत क्ष-किरणांचा एक प्रखर ठिपका कृष्णविवर समजला जात होता. २०१४ साली नुस्टारच्या नोंदींत दिसलं, की तो दर १.३७ सेकंदांनी ठोके देतोय. कृष्णविवर असे नेमके ठोके देत नाही. तो होता फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोट झालेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला, अतिशय दाट गाभा!

आणि ही आर्प २२०. दोन दीर्घिकांची टक्कर झाल्यावर उरलेली, सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरची. हिच्या दोन केंद्रांभोवती वायू इतका दाट आहे, की नुस्टारलाही तिथं कृष्णविवराची खात्रीशीर खूण मिळालेली नाही. रेडिओलहरी मात्र धुळीला जुमानत नाहीत. दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून पाहिलं, तेव्हा तिथं डझनावारी ठिपके दिसले, बहुतेक सगळे अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन फुटलेले तारे, आणि त्यांचे अवशेष. त्यांत एखादं कृष्णविवर लपलंय का, हे कळावं म्हणून हे ठिपके वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजले जातात. अतिनवतारा असेल, तर तो हळूहळू विझत जाईल.