मांडीवरचं सूप, पोटातलं बाळ

[सोलापूर, पूर्व भाग. अरुंद बोळ, दारात बसलेल्या बायका.]

मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पानावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा, कात्री फिरवायची, चिमूटभर जर्दा, एक वळण, दोऱ्याची गाठ. हजार विड्यांमागं मजुरी. दिवस राहिले तरी हात थांबत नाहीत. पोट पुढं आलं की सूप गुडघ्याकडं सरकतं, एवढंच.

जर्द्यातलं निकोटिन बोटांच्या कातडीतून आणि धुळीतून अंगात शिरतं. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या, नुसत्या वळणाऱ्या बाईच्या लघवीतही त्याचा अंश सापडतो. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला पोसणाऱ्या वारेकडं जाणाऱ्यासुद्धा. त्यात अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला होता.

[सोनोग्राफीचा पडदा.]

पोटातल्या बाळाला ऑक्सिजन येतो तो आईच्या रक्तातून, वार आणि नाळेतूनच. तो फार कमी पडला की बाळाचं शरीर काटकसर करतं. हातपाय, आतडी, मूत्रपिंडं यांच्या वाट्याचं रक्त कमी करून मेंदूकडं आणि हृदयाकडं वळवतं. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर तपासणीत हे डॉक्टरांना दिसतं. बाळ वजनानं कमी भरतं. मेंदू तगतो, पण त्याला काहीच झळ लागत नाही, असं नाही.

केंब्रिजच्या संशोधकांनी गाभण उंदरिणींना १३ टक्के ऑक्सिजनच्या हवेत ठेवलं. आपल्या हवेत तो २१ टक्के असतो. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पिलं मोठी झाल्यावर स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मागं पडली, आणि आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात रक्तवाहिन्या आणि पेशींचे जोड कमी भरले. ज्या माद्यांना क जीवनसत्त्व दिलं, त्यांच्या पिलांचं हे नुकसान टळलं. (मात्रा भरपूर होती, आणि प्रयोग उंदरांवर. उगाच गोळ्या आणायला धावू नका.) रशियातल्या प्रयोगांत आणखी एक दिसलं: अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन मोडून टाकणारं विकरच (एन्झाइम) अशा पिलांत कमी होतं.

म्हणजे ‘स्मृतिभ्रंश गर्भातच ठरतो’ का? अशी बातमी कुणी पाठवली तर सरळ सोडून द्या. आज सत्तरीत असलेल्या आजी पोटात असताना त्यांचा ऑक्सिजन कुणी मोजला होता? हाती उरतं ते जन्माचं वजन. इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये १९११ पासूनची वजनं वह्यांत लिहून ठेवलेली होती. त्यावरून डेव्हिड बार्कर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८९ मध्ये दाखवलं, की कमी वजनाच्या बाळांना पुढं हृदयविकारानं मृत्यू येण्याचं प्रमाण जास्त होतं. नंतर रक्तदाब आणि मधुमेहाशीही हा धागा जुळला. आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली, त्यात हे दोन्ही आहेत. गर्भातला ऑक्सिजन त्या यादीत नाही.

[पुन्हा बोळ. आजी चष्मा शोधताहेत.]

म्हणून आजींचा रक्तदाब आणि साखर तपासणं आजही कामाचं. गर्भवती सुनेसाठी लोहाची लाल गोळी, चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. जर्द्यापासून लांब राहा, असंही डॉक्टर सांगतात. पण तेवढे महिने हजारी बुडते, आणि घरभाडं त्याच पैशातून जातं.