अक्वेसास्नीच्या सुइणी

(दृश्य: वरून दिसणारी सेंट लॉरेन्स नदी, तिच्यातली बेटं, दोन पूल. त्यावर हळूहळू उमटणारी सरहद्दीची रेषा.)

कानाताकोन हे गाव कॅनडात आहे. तिथल्या एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या आणि तिला कॉर्नवॉल शहरातल्या रुग्णालयात न्यायचं ठरलं, तर गाडी आधी अमेरिकेत शिरते. दुसरा रस्ताच नाही. गाव क्यूबेक प्रांतात, शहर ऑन्टॅरिओत, आणि दोघांच्या मधे न्यूयॉर्क राज्याचा तुकडा. तो ओलांडायचा, पूल चढून नदीतल्या बेटावर उतरायचं, म्हणजे पुन्हा कॅनडा. मग दुसरा पूल, आणि पुलाच्या टोकाला कस्टम्सची चौकी. कळा दहा मिनिटांनी येवोत नाहीतर दोन मिनिटांनी, वाट हीच.

ही अक्वेसास्नी. मोहॉक लोकांची भूमी. तिच्यावरून दोन देशांची सरहद्द गेली आहे, आणि ती आखणाऱ्यांनी इथल्या माणसांना काही विचारलं नव्हतं. मोहॉक स्वतःला कान्येनकेहाका म्हणवतात. सहा राष्ट्रांच्या हौदेनोशौनी संघातलं हे सर्वांत पूर्वेकडचं राष्ट्र, संघाच्या पूर्व दाराचे राखणदार.

मोहॉकांत कुळं तीन: अस्वल, लांडगा आणि कासव. मूल आईच्या कुळाचं. बाप कुठल्याही कुळाचा असो, आई लांडगा तर लेकरू लांडगा. आईच्या बहिणीलाही इथं आईच म्हणतात. ‘माय मरो पण मावशी उरो’ ही आपल्याकडची म्हण यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. कुळाची एक ज्येष्ठ बाई असते, कुळमाता. पुरुष प्रमुख कोण होणार हे ती ठरवते, आणि तो भरकटला तर त्याला उतरवण्याचा अधिकारही तिचाच.

म्हणजे या समाजात माणूस कोणाचा, याचं उत्तर बाळंतपणाच्या खोलीत मिळतं. सरकारांनी नेमकं तेच उत्तर आपल्या हाती घेतलं. कॅनडाचा 1876 चा इंडियन कायदा (‘इंडियन’ म्हणजे तिथले मूलनिवासी) वंश बापाकडून मोजायचा. मोहॉक बाईनं बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिची कायदेशीर ओळख जायची, तिच्या मुलांनाही ती मिळायची नाही. हा नियम 1985 पर्यंत टिकला. अमेरिकेनं तर टक्के काढले: कॅनडात जन्मलेल्या मूलनिवासी माणसाला सरहद्द मुक्तपणे ओलांडून यायचं असेल, तर त्याच्यात निदान 50 टक्के ‘इंडियन रक्त’ हवं. कुळमातेच्या हिशेबात टक्के नसतात.

(दृश्य: मक्याची पानं, कासवाच्या पाठीवरची नक्षी.)

इथल्या सुइणी गर्भारबाईला एक गोष्ट सांगतात. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, कणा तोच राहतो.

वर आकाशलोक होता आणि खाली नुसतं पाणी. आकाशलोकातली एक बाई खाली पडली. ती पोटुशी होती. पाणपक्ष्यांनी तिला पंखांवर झेललं, पण ठेवायचं कुठं? कासव म्हणालं, माझ्या पाठीवर ठेवा. मग पाण्याच्या तळाची माती आणायला एकेक प्राणी बुडी मारू लागला. मोठमोठे हरले. शेवटी मस्करॅट नावाच्या उंदरासारख्या पाणप्राण्यानं चिमूटभर माती वर आणली. ती कासवाच्या पाठीवर पसरून बाई गोल गोल नाचली, आणि तिच्या पावलांखाली जमीन वाढत गेली. तिला मुलगी झाली. ती मोठी झाली, तिला जुळे राहिले. एक मुलगा रीतसर वाटेनं जन्मला. दुसऱ्याला धीर नव्हता, तो आईची कूस फाडून बाहेर आला आणि आई गेली. तिला जमिनीत ठेवलं, आणि तिच्या देहातून मका, घेवडा आणि भोपळा उगवला.

जगाची सुरुवात एका गर्भारबाईपासून होते, आणि जगातला पहिला मृत्यू बाळंतपणातला आहे. मला ही गोष्ट फार प्रामाणिक वाटते. बाळंतपणात बाई दगावू शकते हे या परंपरेनं कधी लपवलं नाही. ‘पूर्वी सगळं नैसर्गिक आणि सुखरूप होतं’ असला गुळगुळीत दावा इथली जाणती सुईण करत नाही. जुळ्यांपैकी एक आडवं असेल तर काय होतं, ते तिच्या पुराणातच आहे.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. नदीकाठची लाकडी घरं.)

कात्सी कुक यांचा जन्म 1952 चा, अक्वेसास्नीतला, घरातला. त्यांना जगात आणलं त्यांच्या आजीनं. ती गावची सुईण होती. त्यानंतरच्या पिढीत बाळंतपणं शहरातल्या रुग्णालयांकडं गेली. कॅनडाच्या दूर उत्तरेतल्या बायकांना दिवस भरत आले की विमानात बसवून एकटं शहरात धाडत. तसं इथं झालं नाही, कारण शहरं जवळ होती. पण घरी काय उरलं? बाई जायची, मूल घेऊन परतायची. मधल्या वेळी तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कुणी नाही, आणि आजीला खोलीबाहेर बसवलेलं.

रुग्णालयाबद्दल धास्ती वाटायला याहून गंभीर कारणंही होती. अमेरिकेच्या सरकारी हिशेब तपासनीसांनी 1976 मध्ये अहवाल दिला. मूलनिवासींसाठी चालणाऱ्या केंद्रीय आरोग्यसेवेच्या 12 विभागांपैकी फक्त 4 विभागांत, 1973 ते 1976 या काळात 3,406 नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि संमतीच्या कागदपत्रांत गंभीर त्रुटी होत्या. मोहॉकांचा भाग त्या चार विभागांत नव्हता. पण बातमीला विभाग नसतो.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात लून लेक इथं परंपरा मानणाऱ्या मूलनिवासींची बैठक भरली. सार्वभौम असणं म्हणजे नेमकं काय, यावर ज्येष्ठ बोलत होते. जमीन हवी, न्यायनिवाडा आपला हवा, आणि आपली मुलं कशी जन्माला येणार हेही आपल्या हातात हवं. ऐकणाऱ्यांत पंचविशीतल्या कात्सी कुक होत्या. सुईणपणाकडं वळताना ही बैठक निर्णायक ठरली, असं त्या सांगत आल्या आहेत. त्यांनी शिक्षण घेतलं, परत आल्या आणि घरोघरी बाळंतपणं करू लागल्या.

आणि मग एक प्रश्न आला, ज्याचं उत्तर कुठल्याही आजीकडं नव्हतं.

(दृश्य: धरणाची भिंत. त्यामागे कारखान्यांची धुरांडी.)

1950 च्या दशकाच्या अखेरीस सेंट लॉरेन्सवर धरण झालं, मोठ्या जहाजांसाठी जलमार्ग खुला झाला. स्वस्त वीज मिळाली तसे अक्वेसास्नीच्या शेजारी, मसीना गावाच्या हद्दीत कारखाने आले किंवा वाढले. ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांतून फ्लोराइड उडायचं; बेटावरच्या गाईंचे दात झिजून त्यांना चारा चावेना. जनरल मोटर्सच्या ओतकाम कारखान्यात यंत्रांच्या तेलात पीसीबी नावाची रसायनं होती. त्यांचा गाळ कारखान्याच्या आवारात साठला, तिथून नदीत झिरपला. शासनाच्या वन्यजीव तज्ज्ञानं जवळच्या खाडीतलं एक कासव तपासलं. त्याच्या चरबीत पीसीबी इतकं निघालं, की त्या कासवाची नोंद विषारी कचरा म्हणून व्हावी. ज्यांची पृथ्वीच कासवाच्या पाठीवर उभी आहे, त्यांना ही बातमी कशी लागली असेल, हे कुणी समजावून सांगायला नको.

पीसीबी पाण्यात विरघळत नाही, चरबीत मुरतं. गाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, त्यातून मोठ्या माशात, आणि मासा खाणाऱ्या माणसात. प्रत्येक पायरीला साठा वाढत जातो. बाईच्या शरीरातून ते बाहेर पडण्याची एक मोठी वाट म्हणजे तिचं दूध, कारण दुधात स्निग्धांश असतो. आता ओल्या बाळंतिणी सुईणीला विचारू लागल्या: अंगावर पाजू की नको?

‘पाज, काही होत नाही’ म्हणणं सोपं होतं. ‘बंद कर’ म्हणणं त्याहून सोपं. कुक यांनी दोन्ही टाळलं. 1980 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी ‘मदर्स मिल्क प्रोजेक्ट’ सुरू केला आणि राज्याच्या संशोधकांना सोबत घेतलं. अट घातली ती अशी: आमचे नमुने घेऊन जायचं आणि पेपर छापायचा, हे चालणार नाही. ज्या बाईचं दूध, तिला तिचा निकाल आधी कळला पाहिजे. सुईण दारात आली म्हणून बायकांनी बाटलीत दूध काढून दिलं. पांढऱ्या कोटातला परका माणूस आला असता तर किती जणींनी दिलं असतं?

1986 ते 1992 या काळात 97 मोहॉक बाळंतिणींचं दूध तपासलं, तुलनेला आजूबाजूच्या गावांतल्या 154 गोऱ्या बायकांचं. सुरुवातीच्या वर्षांत स्थानिक मासे जास्त खाणाऱ्या मोहॉक बायकांच्या दुधात पीसीबी जास्त निघालं. पुढच्या वर्षांत ते उतरत गेलं. बायकांनी गरोदरपणात नदीतला मासा सोडला होता. तेव्हा सल्ला ठरला: अंगावर पाजा, पण इथला मासा खाऊ नका.

सल्ला लागू पडला, असं शास्त्रज्ञ म्हणतील, आणि ते खरंच आहे. त्याची किंमत मात्र कुठल्या तक्त्यात बसत नाही. मासा सुटला तशी होडी सुटली, जाळं विणणारा आजोबा रिकामा झाला, जाळ्यासोबत येणारे शब्द गेले. ताटात बाजारातलं स्वस्त, गोड, तळकट आलं आणि मधुमेहाची तक्रार वाढली. विष कारखान्याचं, पथ्य बाळंतिणीनं पाळायचं. ‘स्त्री हेच पहिलं पर्यावरण’ हे कुक यांचं वाक्य पुढं जगभर फिरलं. ते इथल्या दुधाच्या बाटल्यांतून आलं आहे.

(दृश्य: ग्रँड नदीचा काठ, शेतं, एक बैठी इमारत.)

इथून नैर्ऋत्येला, टोरंटोच्या पलीकडं, सिक्स नेशन्स ही हौदेनोशौनींची मोठी वस्ती आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर मोहॉक आणि त्यांचे भाईबंद 1784 मध्ये इथं आले. ऑन्टॅरिओनं 1991 मध्ये सुईणपणाचा कायदा केला तेव्हा पेच पडला. नोंदणी नसलेल्या कुणालाच सुईण म्हणवून घेता येणार नव्हतं; मग आजीकडून शिकलेल्या बाईचं काय? मूलनिवासी बायकांनी भांडून कायद्यात सूट मिळवली: आपल्या समाजाची बाळंतपणं करणारी मूलनिवासी सुईण सुइणींच्या नियामक संस्थेच्या चौकटीबाहेर राहू शकते. तिची परीक्षा तिचा समाज घेईल. या सुटीच्या बळावर 1996 मध्ये सिक्स नेशन्सचं बाळंतघर उघडलं. नव्या सुइणींचं शिक्षणही तिथंच होतं.

शिकाऊ मुलगी रक्तदाब घ्यायला शिकते, टाके घालायला शिकते, रक्तस्राव कधी हाताबाहेर चालला हे ओळखायला शिकते. आणि आभाराचे शब्दही शिकते. सभा असो, शाळा असो, कुठल्याही कामाआधी म्हटलं जाणारं ते लांबलचक निवेदन: माणसं, धरणी, पाणी, मासे, वनस्पती, वारे, सूर्य, चंद्र, एकेकाचं नाव घेऊन. पाण्याचे आभार मानताना कारखान्यांची आठवण येत नसेल, असं नाही.

सुइणीचे हात पाहा. तपासताना ती आधी बाईच्या पोटावर दोन्ही तळवे नुसते ठेवते, दाबत नाही. मग एका बाजूनं आधार देत दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपते: ही पाठ, सलग आणि कठीण; हे हातपाय, खडबडीत; खाली ओटीपोटावर अंगठा आणि बोटांच्या मधे डोकं. पाठ सापडली की तिथं यंत्र टेकवते आणि ठोके खोलीभर ऐकू येतात. सोबत आलेली आजी खुर्ची पुढं ओढते. बाळाचं डोकं वर असेल, बाईचा दाब चढला असेल, तर सुईण रुग्णालयात पाठवते, त्यात तिला कमीपणा वाटत नाही. भांडण रुग्णालयाशी नव्हतंच. खोलीत कोण असणार, हे कोण ठरवणार, यावरून ते होतं.

मूल जन्मलं की त्याच्या कानावर पहिले शब्द त्याच्या भाषेतले पडावेत, याचा आग्रह असतो. मोहॉक भाषा अस्खलित बोलणारे आता थोडे उरलेत, त्यामुळं काही आयाबापांनी दिवस राहिल्यापासून ती चार वाक्यं घोकलेली असतात. बाळामागून पडलेली वार मातीत पुरतात. जिथं बाळंतपण दूरच्या रुग्णालयात होतं, तिथं ती मागून घ्यावी लागते. सुईण सोबत असेल तर मागणं सोपं जातं.

(दृश्य: लाकडी पाळणाफळी, जवळून.)

आणि ही पाळणाफळी. सपाट फळी, डोक्याच्या जागी पुढं वळवलेली लाकडी कमान, फळी पडली तरी कमान आधी टेकते. बाळाला कापडात घट्ट गुंडाळून पट्ट्यांनी बांधायचं, फक्त चेहरा उघडा. मागच्या बाजूला कोरीव, रंगवलेली फुलं आणि पक्षी. बाळाला ती नक्षी दिसत नाही. ती मागून चालणाऱ्यांसाठी.

टायेंडिनागा या ऑन्टॅरिओतल्या मोहॉक वस्तीतही 2012 पासून सुइणी काम करतात. देशभरातल्या मूलनिवासी सुइणींची संघटना 2008 पासून आहे, आणि प्रत्येक मूलनिवासी वस्तीत आपली सुईण असावी, हे तिचं ध्येय. 2017 मध्ये कॅनडा सरकारनं दूरच्या वस्त्यांतून बाळंतपणासाठी शहरात जाणाऱ्या बाईसोबत एका माणसाचा खर्च द्यायचं मान्य केलं. एका माणसाचा. तोवर बहुतेकींना तेवढंही नव्हतं.

(दृश्य: लाँगहाउस, बाहेरून. आतलं चित्रण नाही.)

अक्वेसास्नीत जन्मलेल्या बाळाला दाखला कॅनडाचा मिळतो की अमेरिकेचा, ते रुग्णालय किंवा घर नदीच्या कुठल्या अंगाला आहे यावर ठरतं. कुळाचं नाव मिळतं ते लाँगहाउसमध्ये, म्हणजे परंपरेचे विधी होतात त्या लांब घरात. नावं कुळाच्या मालकीची असतात, कुळमाता ती सांभाळते. एक नाव एका वेळी एकाच जिवंत माणसाचं. तो गेला की नाव कुळाकडं परत येतं. ते जाहीर होण्याचे प्रसंग वर्षातून दोनच: भर हिवाळ्यातला विधी आणि उन्हाळा सरताना येणारा कोवळ्या मक्याचा सण. वसंतात जन्मलेलं मूल तोवर घरच्यांच्या लाडक्या हाकेवर भागवतं.