अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’

(विक्रोळीच्या कन्नमवारनगरात पालक आणि शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 2021 चा दहावीचा निकाल आठवतोय? राज्याचा निकाल 99.95 टक्के. बोर्डाची परीक्षाच झाली नव्हती. नववीच्या निकालाचे 50 गुण, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 30, तोंडी-प्रात्यक्षिकांचे 20, अशी बेरीज करून गुणपत्रिका हाती आल्या. अकरावीसाठी सीईटी घेऊ म्हणाले, तीही उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. त्याआधीच्या, 2020 च्या बॅचचा भूगोलाचा पेपर राहून गेला होता. आणि 2022 च्या बॅचला पाऊण अभ्यासक्रम, शक्यतो आपल्याच शाळेत केंद्र, शिवाय लिहिण्याचा सराव सुटला म्हणून मोठ्या पेपरला अर्धा तास जादा. तिन्ही बॅचची तऱ्हा वेगळी, पण टोमणा एकच: ‘कोरोना बॅच’. म्हणजे फुकट पास!

ज्यांनी हा टोमणा मारला त्यांनी या मुलांची घरं पाहिली नव्हती. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले ते 4 ऑक्टोबर 2021 ला. तोवर दीड वर्ष घरात फोन एकच, आणि तो बाबांबरोबर कामावर जाणार. मग गृहपाठ रात्री दहानंतर, तोही नेट उरलं असेल तर. शाळा सुटली म्हणून कुणी रिकामं बसलं नाही. कुणी सोसायट्यांत भाजी पोचवली, कुणी आईच्या मशीनवर नगावर मास्क शिवले.

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मुलाचं सांगतो. मे 2021 मध्ये 18 वर्षांवरच्यांचं लसीकरण सुरू झालं. कोविनवर स्लॉट उघडायचे आणि बघता बघता संपायचे. हा दहावीतला पोरगा चाळीतल्या काका-काकूंचे आधार नंबर वहीत उतरवून ठेवायचा. फोन समोर, पिनकोड आधीच टाकलेला, आणि ओटीपी आला की शेजारच्या खोलीतून ओरडून सांगायला धाकटी बहीण उभी. कोणाचा पहिला डोस झाला, दुसरा कधी, सगळं तारीखवार. पुढे दोन वर्षांनी एका दुकानात नोकरीचा अर्ज भरताना ‘अनुभव’च्या रकान्यात त्याने काय लिहिलं असेल? ‘निरंक’.

मी त्याला ती वही आणायला लावली. नोंदी ठेवणं, वेळ सांभाळणं, चिडलेल्या माणसाशी नीट बोलणं, हे सगळं त्यात होतं. हे काम आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपण काय केलं? ‘पोरं फार खंबीर हो!’ म्हणालो आणि मोकळे झालो. खंबीरपणाचं कौतुक स्वस्त असतं. त्यात कुणाच्या खिशाला हात लागत नाही.

करिअर मार्गदर्शन म्हणून शाळेत जे होतं त्यावर मी फार वेळ घालवत नाही. पाहुणे येतात, ‘मोठी स्वप्नं बघा’ म्हणतात, नारळ-शाल घेतात, जातात. सरकारनेही प्रयत्न केला: दहावीची कलचाचणी होती, 2020 मध्ये नववी ते बारावीसाठी महाकरिअर पोर्टल आलं. माहिती चांगली होती. पण ज्या घरात फोन एकच, तिथे पोर्टल कोण उघडणार?

आता पत्ते सांगतो. माझगाव डॉक. आपल्या शहरात पाणबुड्या बांधतात आणि आपल्या पोरांना तिथलं गेट कुठे आहे ते माहीत नसतं! तिथे ॲप्रेंटिसची भरती निघते, तिचा एक गट दहावी पाससाठी आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड, शिकताना विद्यावेतन. पण वयाची अट साधारण 15 ते 19. म्हणजे बारावीला दोनदा आपटून मग विचार करू म्हणणाऱ्याची गाडी सुटलेली असते. जाहिरात संकेतस्थळावर येते, घरी पत्र येत नाही.

दुसरं, आयटीआय. मुलुंडला आहे, कुर्ल्याला आहे, दादरला मुलींचं आहे. ‘आयटीआय म्हणजे ढ पोरांचं’ असं म्हणणाऱ्या पालकांना मी विचारतो, तुमच्याकडे एसी दुरुस्तीला येणाऱ्याने परवा किती घेतले? (हशा) दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे, आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची. गल्ली आहे, बंद बोळ नाही.

एक काळजी मात्र वेगळी आहे. मार्च 2020 मध्ये जी मुलं चौथीत होती, त्यांची दहावी 2026 ची. त्यांची पाचवी फोनवर गेली. अपूर्णांकांची गणितं, दशांश अपूर्णांक तेव्हाच येतात. वर्कशॉपमध्ये मोजपट्टीवर अडलेलं पोरगं आळशी नसतं, त्याचा पाया तिथे कच्चा राहिलेला असतो. शिक्षकांनो, अशा पोराला दहावीचे अपेक्षित प्रश्न घोकायला लावण्याआधी पाचवीचं पुस्तक काढा. त्याला लाज वाटू नये म्हणून वर्ग सुटल्यावर काढा.

आणि इथे बसलेल्या दुकानदार, गॅरेजवाले, डीटीपीवाले मंडळींकडे एक मागणं. मे महिन्यात एका मुलाला आठवडाभर तुमचं काम बघू द्या. राबवून घ्यायचं नाही, कायदाही आडवा येईल आणि मीही येईन. गिऱ्हाइकाशी कसं बोलता, बिल कसं करता, माल कुठून येतो, एवढं दाखवा. मागच्या टेबलावर कागद ठेवलाय. नाव, धंदा आणि कोणत्या वेळेला मूल आलं तर चालेल, तेवढं लिहा. फोन मी करीन.